सर अलेक्झांडर फ्लेमिंग व त्यांनी दिलेला इशारा

पायात काटा मोडला, ती जागा पिकली, आणि पंधरवड्याच्या आत धडधाकट माणूस दगावला, अशा हकीकती आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पणजोबांच्या काळाविषयी घरी ऐकल्या असतील. त्या ऐकून त्या काळचे वैद्य अडाणी होते अशी समजूत करून घेणे मात्र अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत युरोपातील मोठमोठ्या इस्पितळांतही हेच घडत असे. जखम कोणत्या जंतूंनी चिघळली हे सूक्ष्मदर्शक यंत्रातून डॉक्टरांस स्पष्ट दिसे, त्या जंतूंची नावेही त्यांस ठाऊक असत. परंतु रक्तात शिरलेल्या त्या शत्रूस मारावे आणि रोग्यास मात्र धक्का लावू नये, असे औषध त्यांजपाशी नव्हते. ते औषध ज्यांच्या दृष्टीस प्रथम पडले, आणि अविचाराने वापरल्यास ते निरुपयोगी कसे होईल हेही ज्यांनी जगास आगाऊ सांगून ठेविले, त्या सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. पेनिसिलिनच्या शोधाची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते, त्या इशाऱ्याची फार थोड्यांस. म्हणून तिजकडे आम्ही अधिक लक्ष देणार आहोत.

स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात डार्व्हेल नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या जवळच्या माळरानावर लॉकफील्ड नावाची शेतवाडी होती. तेथे ता. ६ ऑगस्ट १८८१ रोजी फ्लेमिंग यांचा जन्म झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे शेतकरी होते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला, तेव्हा ते साठीच्या घरात आले होते. अलेक हा या दुसऱ्या विवाहापासून झालेल्या चार मुलांपैकी तिसरा. तो सात वर्षांचा असता वडील वारले, आणि शेताचा व मुलांचा भार आई ग्रेस हिने सावत्र मुलांच्या साहाय्याने वाहिला. अलेकची पहिली शाळा माळावरच एका खोलीत भरत असे. पुढे तो डार्व्हेलच्या शाळेत जाऊ लागला, तेव्हा जाऊन-येऊन आठ मैलांची चाल त्याला रोज पडे. ओढ्यात हात घालून दगडाखालचा मासा अलगद पकडणे व पक्ष्यांची घरटी शोधून काढणे हे त्या भावंडांचे खेळ होत. अशा खेळांत नजर बारीक होते. शहरातील मुलांस हा लाभ क्वचितच मिळतो.

काही काळ किलमार्नक येथील विद्यालयात शिकून, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास अलेक लंडनला गेला. तेथे त्याचा वडील भाऊ टॉम नेत्रवैद्य होता. पुढील शिक्षणास पैसा नव्हता, म्हणून सोळाव्या वर्षी त्याने एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी पत्करली आणि चार वर्षे केली. या कामाचा त्यास कंटाळा येई, परंतु त्याची कुरकुर त्याने केली नाही. मनातले फारसे बोलून दाखविण्याचा त्याचा स्वभावच नव्हता, आणि हा अबोलपणा शेवटपर्यंत टिकला. १९०१ साली एका निवर्तलेल्या काकांच्या मिळकतीतून त्याच्या वाट्यास २५० पौंड आले. टॉमने त्यास वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला. प्रवेशपरीक्षेत तो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला, आणि लंडनमधील कोणत्याही वैद्यक विद्यालयाचे दार त्यास उघडे होते. त्याने सेंट मेरीज हे निवडले. याचे कारण इतकेच की, त्या विद्यालयाच्या संघाशी तो एकदा पाण्यातील पोलो खेळला होता!

१९०६ साली पदवी मिळाल्यावर आणखी एक योगायोग घडला. फ्लेमिंग हे बंदुकीचे उत्तम नेमबाज होते. असा गडी हातचा जाऊ नये म्हणून इस्पितळाच्या नेमबाज मंडळातील एका स्नेह्याने त्यांस तेथील लस-विभागात जागा मिळवून दिली. त्या विभागाचे मुख्य सर ऑल्म्रॉथ राइट हे होते. मुंबई इलाख्यात प्लेगने हाहाकार उडविल्यावर सरकारने जे प्लेग कमिशन नेमिले, त्याचे एक सभासद म्हणून राइट १८९८ साली आपल्या देशात येऊन गेले होते. मनुष्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच जंतूंविरुद्धचे खरे सैन्य होय, आणि वैद्याने त्या सैन्यास बळ द्यावे, असे त्यांचे ठाम मत होते. शस्त्रवैद्य व्हावयाची परीक्षा फ्लेमिंग यांनी दिली व ते तीत उत्तीर्णही झाले. परंतु आयुष्य त्यांनी प्रयोगशाळेतच घालविले. ती प्रयोगशाळा इस्पितळाच्या आवारातच असल्यामुळे रोग्यांशी त्यांचा संबंध कधी तुटला नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले, आणि राइट यांची मंडळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन शहरी गेली. तेथील एका जुगारघराचे लष्करी इस्पितळ केलेले होते, त्यात त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. रणभूमीवरून येणाऱ्या सैनिकांच्या जखमांत चिखल, खत व गणवेशाच्या चिंध्या खोल गेलेल्या असत. मूळ घावातून वाचलेले कित्येक तरुण पुढे जखम सडून मरत. त्या काळी लिस्टर यांच्या शिकवणीस अनुसरून शस्त्रवैद्य जखमेत कार्बोलिकासारखी तीव्र जंतुनाशके ओतीत. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला आतून पोकळ काट्यांसारखी टोके काढली आणि फाटक्यातुटक्या जखमेची हुबेहूब प्रतिकृती केली. तीत जंतू भरून त्यांनी जंतुनाशक ओतले व काही वेळाने ते काढून पाहिले, तो मधल्या भागातील जंतू मेलेले, पण टोकाच्या बिळांतले जिवंत! पुन्हा साधा रस भरताच तेथून ते सर्वत्र पसरले. शिवाय या औषधांनी जंतू मरण्याच्या आधी रक्तातील पांढऱ्या पेशीच मरत. म्हणजे शत्रू बिळात सुरक्षित, आणि आपलेच शिपाई गारद, असा प्रकार होत होता. मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, सडका भाग कापून टाकावा, आणि बाकीचे काम रक्तावर सोपवावे, असे राइट व फ्लेमिंग यांनी सांगितले. पुष्कळ शस्त्रवैद्यांनी ते मानले नाही. प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्टदेखील रूढीपुढे किती दुबळी ठरते, याचा हा त्यांस आलेला पहिला अनुभव होय.

युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९१५ मध्ये, त्यांनी सारा मॅकएल्रॉय या आयरिश परिचारिकेशी विवाह केला. बाई बोलक्या व उत्साही, नवरा अबोल. हा संसार सुखाचा झाला. १९२४ साली त्यांस एक मुलगा झाला, व तोही पुढे डॉक्टर झाला.

लंडनला परतल्यावर, १९२१ च्या अखेरीस, स्वतः फ्लेमिंग यांस पडसे झाले होते. त्यांनी आपल्या नाकातील शेंबूड जंतू वाढविण्याच्या काचेच्या ताटलीवर ठेवून पाहिला. ज्या गोष्टीची किळस येऊन आपण ती रुमालात लपवितो, तीत या माणसास कुतूहलाचा विषय दिसला! काही दिवसांनी पाहतात, तो त्या शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले. तोच गुण अश्रूंत, लाळेत व अंड्याच्या पांढऱ्या बलकातही आढळला. मग प्रयोगशाळेत अश्रूंचा दुष्काळ पडला. डोळ्यांत लिंबाचा रस पिळून घ्यावा व पाणी गाळून द्यावे, असा क्रम सुरू झाला, आणि शिपायांस याबद्दल काही पेनी मिळत असत म्हणे. या द्रव्यास लायसोझाइम हे नाव मिळाले. ते भयंकर रोगजंतूंवर चालत नसल्याने विद्वानांनी तिकडे विशेष लक्ष दिले नाही. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. फ्लेमिंग व त्यांचे सहकारी ॲलिसन यांनी लायसोझाइमच्या सान्निध्यात जंतू वाढविले, तेव्हा त्यांतून लायसोझाइमास दाद न देणारे वाण निर्माण झाले. याविषयीचा त्यांचा निबंध १९२७ साली छापला गेला. म्हणजे पेनिसिलिनची बुरशी दिसण्याच्या आदल्याच वर्षी, जंतू मारणाऱ्या द्रव्याला जंतू पचवू शकतात, हे फ्लेमिंग यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्या सुप्रसिद्ध ताटलीकडे वळू. १९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूंचा अभ्यास करीत होते. सूक्ष्मदर्शकात हे जंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसतात; गळवे, करट व चिघळलेल्या जखमा ही बहुधा यांचीच करणी. सुटीवर जाताना त्यांनी ताटल्यांची चळत मेजाच्या एका कोपऱ्यात सारून ठेविली. टापटिपीबद्दल त्यांची ख्याती नव्हती. ३ सप्टेंबरला परत येऊन ते ताटल्या चाळू लागले, तेव्हा एकीत हवेतून येऊन पडलेली बुरशी वाढलेली दिसली. शिळ्या भाकरीवर येते तशीच ती होती, आणि तिच्या भोवतालचे जंतू वितळून गेले होते. बुरशीने बिघडलेल्या ताटल्या तोपर्यंत शेकडो जणांनी फेकून दिल्या असतील. फ्लेमिंग यांनी ही जपून ठेविली.

त्यांनी त्या बुरशीचा रस काढला. तो ८०० पट पाण्यात मिसळला तरी त्यात स्टॅफिलोकॉकस वाढत नसे. सशास व उंदरास टोचला तरी त्यांस अपाय होत नसे. आणि पांढऱ्या पेशीही सुखरूप राहत. बुलोनच्या इस्पितळात जे हवे होते ते नेमके हेच! १९२९ साली त्यांनी पेनिसिलिन या नावाने याविषयी निबंध प्रसिद्ध केला. विषमज्वराच्या व इतर काही जंतूंवर या रसाचा परिणाम होत नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात नमूद केले. परंतु रस शुद्ध करून टिकाऊ औषध बनविणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम होते, आणि ते त्यांच्या दोघा तरुण साहाय्यकांस साधले नाही. फ्लेमिंग यांनी बुरशीचे बियाणे मात्र जतन केले, आणि जो मागेल त्यास ते दिले. या औदार्याचा पुढे मोठा उपयोग झाला.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. फ्लेमिंग यांच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला दलदलीतून वाचविले, त्या उपकाराच्या फेडीसाठी चर्चिलच्या पित्याने अलेकला शिकविले, व पुढे त्याच अलेकच्या पेनिसिलिनने चर्चिल दुसऱ्यांदा वाचले, अशी एक कथा ठिकठिकाणी छापलेली आढळते. कथा गोड आहे, पण खरी नाही. अलेकचे शिक्षण कशाच्या बळावर झाले ते वर आलेच आहे. आणि १९४३ साली चर्चिल यांचा न्युमोनिया बरा झाला तो निराळ्याच, सल्फा जातीच्या औषधाने. असो.

दहा वर्षांनी ऑक्सफर्ड येथे ऑस्ट्रेलियन प्राध्यापक हॉवर्ड फ्लोरी, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन आणि कल्पक हातांचे नॉर्मन हीटली यांनी हे अपुरे काम हाती घेतले. फ्लेमिंग यांनी पूर्वी दिलेल्या बुरशीचा एक अंश तेथे शिल्लक होताच. ता. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांस मारक जंतू टोचले व त्यांपैकी चारांस पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत ते चारच जगले. हे वर्तमान वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला गेले. ते येणार असे कळताच, ते अजून हयात आहेत याचेच चेन यांस नवल वाटले, असे सांगतात.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या इस्पितळात एका पोलीस शिपायास प्रथम हे औषध देण्यात आले. जंतूंनी त्याचा चेहरा सडविला होता व एक डोळा गेला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, अन्न जाऊ लागले. परंतु औषधाचा साठाच चिमूटभर! रोग्याच्या मूत्रातून ते पुन्हा गाळून काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. औषध संपले, अर्धवट मेलेले जंतू पुन्हा उसळले, आणि मार्चमध्ये तो शिपाई मरण पावला. अर्ध्या मात्रेचे फळ काय, हे त्या पहिल्याच रोग्याच्या खाटेपाशी दिसून आले.

पुढे अमेरिकेतील पिओरिया येथे मक्याच्या मळीत ही बुरशी वाढविण्याची युक्ती साधली, मोठे कारखाने उभे राहिले, आणि जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा जखमींसाठी भरपूर पेनिसिलिन तयार होते. दरम्यान ऑगस्ट १९४२ मध्ये मेंदूच्या आवरणास सूज येऊन मरणोन्मुख झालेल्या एका स्नेह्यास फ्लेमिंग यांनी फ्लोरींकडून मागून आणलेले पेनिसिलिन पाठीच्या कण्यात टोचून वाचविले. हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि फ्लेमिंग यांच्या कीर्तीस पारावार उरला नाही. ऑक्सफर्डच्या मंडळींच्या वाट्यास तिचा योग्य हिस्सा आला नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. फ्लेमिंग यांनी ती कीर्ती मागून घेतली नाही हे खरे. पण तिला दूरही लोटले नाही. १९४४ साली त्यांस सर हा किताब मिळाला, आणि १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस मिळून देण्यात आले. हीटली यांचे नाव राहून गेले.

पारितोषिकाच्या निमित्ताने ता. ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोम येथे फ्लेमिंग यांचे व्याख्यान झाले. युद्ध संपून थोडेच महिने झाले होते. पेनिसिलिन म्हणजे संजीवनीच, अशी लोकांची भावना होती. अशा वेळी कोणीही वक्ता आपल्या शोधाचे गोडवे गाता. फ्लेमिंग यांनी शेवटी एका कल्पित गृहस्थाची गोष्ट सांगितली. पेनिसिलिन कोणासही दुकानातून विकत घेता येईल असा काळ लवकरच येईल. तेव्हा या गृहस्थाचा घसा दुखू लागतो. तो आपल्याच मनाने पेनिसिलिन घेतो. पण इतके थोडे, की जंतू मरत नाहीत, उलट ते सोसण्यास शिकतात. त्याच्यापासून ते जंतू त्याच्या पत्नीस लागतात. तिला न्युमोनिया होतो, डॉक्टर पेनिसिलिन देतात, पण जंतू आता त्यास जुमानत नाहीत, आणि ती बिचारी मरते. तिच्या मरणास जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग यांनी त्या नवऱ्याकडेच बोट दाखविले. घ्यावयाचे तर पुरेसे घ्या, असे त्यांचे सांगणे होते. प्रयोगशाळेत अपुऱ्या पेनिसिलिनमध्ये जंतू वाढवून असे निगरगट्ट वाण तयार करणे मुळीच कठीण नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

हे कसे घडते, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. कारण सुशिक्षित माणसेही येथे घोटाळा करतात. औषधाची सवय रोग्याच्या शरीरास होते असा समज आहे, तो चूक आहे. बदलतात ते जंतू. पेनिसिलिन जंतूस आपल्या शरीराभोवतीचा कोट बांधू देत नाही, त्यामुळे तो फुटून मरतो. परंतु कोट्यवधी जंतूंत एखादा असा निपजतो की, त्यापाशी पेनिसिलिनचे तुकडे करणारा एक रस असतो. हा रस चेन व त्यांचे सहकारी एब्रहॅम यांनी १९४० सालीच, पेनिसिलिन एकाही रोग्यास बरे करण्यापूर्वी, शोधून काढला होता. औषधाने बाकीचे जंतू मेले की या एकास रान मोकळे मिळते. स्टॅफिलोकॉकसास जागा व अन्न मिळाले तर अर्ध्या तासाच्या आसपास एकाचे दोन होतात. तेव्हा एका दिवसात त्याचा वंश किती वाढेल याचे गणित मुलांनी घरी करून पाहावे. इतकेच नव्हे, तर पुष्कळ जंतू ही विद्या शेजारच्या, प्रसंगी परजातीच्या, जंतूसही देऊ शकतात.

आणि याला सर्वांत सोयीची जागा कोणती? दुर्दैवाने, इस्पितळ! तेथे औषध सर्वाधिक वापरले जाते, म्हणून साधे जंतू मरतात व निगरगट्ट तेवढे उरतात. तेथे उघड्या जखमांची माणसे खाटेला खाट लावून निजलेली असतात. स्टॅफिलोकॉकस तर कित्येक निरोगी माणसांच्या नाकातही सुखाने नांदतो, आणि न धुतलेल्या हातांवरून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातो. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर या विदुषी रोग्यांपासून मिळालेल्या या जंतूंची मोजदाद करीत होत्या. १९४६ साली पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू शेकडा १४ च्या सुमारास निघाले. १९४७ साली शेकडा ३८. आणि १९४८ साली शेकडा ५९. फ्लेमिंग यांच्या व्याख्यानास तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तोच निगरगट्ट वाण एका रोग्याकडून दुसऱ्याकडे पसरत आहे, असे बार्बरबाईंनी दाखविले. म्हणजे अंगावर औषधाचा थेंब न घेतलेला मनुष्यही इस्पितळात शिरताच दुसऱ्याच्या अविचाराचा बळी होऊ शकत होता. स्टॉकहोमच्या गोष्टीतील पत्नी ती हीच!

फ्लेमिंग यांच्या गोष्टीत घसा दुखविणारा जंतू स्ट्रेप्टोकॉकस होता. मण्यांच्या माळेसारखा दिसणारा तो जंतू आजही पेनिसिलिनने मरतो, ही नवलाची गोष्ट आहे. भाकीत खरे ठरले ते त्याच्या द्राक्षाच्या घडासारख्या भावंडाविषयी. शिवाय फ्लेमिंग यांस अपुऱ्या मात्रेची विशेष भीती वाटे. पुढील अनुभवाने असे दिसले की, गरज नसता घेतलेली पुरी मात्राही तितकाच घात करते. पडसे व बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात, आणि त्यांवर या औषधांचा काडीइतकाही उपयोग नसतो. ब्रिटनमध्ये मलमांत व चघळावयाच्या गोळ्यांतही पेनिसिलिन येऊ लागले, तेव्हा १९४७ च्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकण्यास मनाई झाली. पण मनाई होऊनही शर्यत चालूच राहिली. जंतूंचा तो रस ज्याचे तुकडे करू शकत नाही असे मेथिसिलिन १९५९ साली तयार झाले. त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस १९६१ साली इंग्लंडमध्ये नोंदले गेले. आपल्याकडील पालकांसही हा विषय दूरचा नाही. नवी दिल्लीच्या इस्पितळात राहून स्वीडनला परतलेल्या एका रोग्यात २००८ साली जो निगरगट्ट जंतू सापडला, त्याच्या अंगच्या नव्या रसास दिल्लीचेच नाव दिले गेले. त्या नावाचा येथे पुष्कळांस राग आला. राग येणे समजण्याजोगे आहे. परंतु नावावरून जितका वाद झाला तितकी चौकशी मूळ गोष्टीची व्हावयास हवी होती, असे आम्हांस वाटते. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंपायी प्रत्यक्ष दगावलेल्यांची संख्या साऱ्या जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. औषधाच्या पाकिटावरील तांबडी उभी रेघ विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नये अशी तिची खूण आहे, आणि २०१६ साली सरकारने ती ओळखण्याची मोहीम काढली, ती याच कारणास्तव.

फ्लेमिंग यांची अखेरची वर्षे मानसन्मानांत गेली. गावोगावचे नागरिकत्व, विद्यापीठांच्या पदव्या व सोन्याची पदके यांनी घर भरले. तरी इस्पितळातील आपल्या खोलीत ते नेमाने जात. १९४९ साली सारा वारल्या. त्यानंतर ते अधिकच अबोल झाले. १९५३ साली त्यांनी अमालिया वुरेका या ग्रीक जंतुशास्त्रज्ञ बाईंशी विवाह केला. त्या त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करीत. हे सुख दोनच वर्षे लाभले. ता. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराच्या झटक्याने ते निधन पावले. त्यांच्या अस्थी सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरात, जेथे नेल्सन व वेलिंग्टन विसावले आहेत तेथे, ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या नव्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले.